तुळस दर थंडीत वाळते, गोडलिंब दर उन्हाळ्यात पिवळा पडतो: नागपूरच्या कुंड्यांचं नेहमीचं दुखणं

मानेवाड्याकडे आमचं घर आहे. गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी दोन कुंड्या शेजारी शेजारी असतात. एकीत तुळस, दुसरीत गोडलिंब, म्हणजे पुण्या-मुंबईकडचा कढीपत्ता. सलग चार वर्षं माझ्याकडे एकच प्रकार घडत होता. डिसेंबर सरता सरता तुळस काडीकाडी होऊन वाळायची आणि एप्रिल उलटला की गोडलिंबाची कोवळी पानं पिवळी पडायला लागायची. नवीन तुळस आणायची, गोडलिंबाला मूठभर खत घालायचं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. भिंतीपलीकडच्या काकू विचारायच्या, "काहून हो, यंदाही वाळली का तुळस?" त्यांची स्वतःचीही वाळलेलीच असायची.

पाचव्या वर्षी मी एक जुनी डायरी घेतली आणि कोणत्या महिन्यात काय दिसतं ते लिहीत गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर मांडते, कारण हा प्रश्न मला दर हंगामात कोणी ना कोणी विचारतंच. थोडक्यात सांगायचं तर दोन्ही झाडांना आपण एकच तांब्या, एकच माती आणि एकच जागा देतो, आणि या दोन झाडांचे स्वभाव एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत.

कोण कुठल्या घरचं

तुळस पुदिना, सब्जा, पानओवा यांच्या कुळातली. झुडूप आहे, मुळं बारीक आणि वरच्या थरात पसरणारी. आयुष्य दोन-तीन वर्षांचं. बी धरलं की तिचं काम झालं, असं ती वागते. ऊब तिला आवडते, गारठा अजिबात सोसत नाही.

गोडलिंब संत्रा, लिंबू आणि बेल यांच्या कुळातला. तो झाड आहे. जमिनीत लावला तर पंधरा-वीस फूट जातो, वर्षानुवर्षं टिकतो आणि मुळांतून नवे फुटवे काढून स्वतःचा गोतावळा वाढवतो. थंडीत तो पानं गाळून निजतो. ते मरण नव्हे. म्हणजे एकाच डिसेंबरात एका झाडाच्या जिवावर बेतलेलं असतं आणि दुसरं फक्त झोपलेलं असतं. आपण दोघांकडे बघून घाबरतो आणि दोघांनाही जास्त पाणी घालतो.

त्यात आपलं नागपूर. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश नोंदवले गेले आणि 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे 3.5 अंश. दोन टोकांत चव्वेचाळीस अंशांचा फरक. कोकणातल्या किंवा पुण्यातल्या माणसाने सांगितलेली बागेची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही, ती यामुळे. "तुळशीला रोज पाणी" हा सल्ला तिकडे बरोबर असेलही. इथे मे महिन्यात तो अपुरा पडतो आणि डिसेंबरात घातक ठरतो.

गोडलिंब पिवळा आहे, पण कुठला पिवळा?

खत, औषध काहीही आणण्याआधी एक पान तोडा आणि सूर्याकडे धरून बघा. सगळं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

खालची, जुनी पानं एकसारखी पिवळी पडत असतील आणि शेंड्याची हिरवी असतील, तर नत्र कमी पडलंय. शेणखत किंवा गांडूळखत घाला, महिनाभरात फरक दिसतो. हे सोपं दुखणं.

जानेवारीत सगळीच पानं पिवळी होऊन गळत असतील तर काहीही करू नका. झाड निजलंय. फाल्गुनात डोळे फुटतात.

माती ओली असूनही पानं मलूल असतील आणि पिवळी पडत असतील, तर कुंडीचं खालचं भोक तुंबलेलं आहे. काडी घालून मोकळं करा. पावसाळ्यात हे फार होतं.

आणि चौथा प्रकार, जो माझ्याकडे होता. शेंड्याची नवीन, कोवळी पानं पिवळी, जवळजवळ पांढुरकी, पण शिरा मात्र हिरव्याकंच. उन्हाकडे धरलं की पान मच्छरदाणीच्या जाळीसारखं दिसतं. जुनी पानं ठीक. ही लोहाची कमतरता. आपल्या भागातल्या संत्र्याच्या बागांना चुनखडीच्या जमिनीत हाच त्रास होतो आणि संत्रेवाले शेतकरी हे पान बघताक्षणी ओळखतात. गोडलिंब त्याच कुळातला असल्यामुळे त्याचा स्वभावही तोच.

आता यातली खोच अशी की मातीत लोह नसतं असं नाही. काळ्या मातीत लोह भरपूर असतं. पण माती चुनखडीची असली किंवा पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असलं की ते लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं आणि मुळांना उचलता येत नाही. ताट वाढलेलं आहे, पण हात बांधलेले आहेत, अशी झाडाची गत होते. म्हणून कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा उपाय इथे लागू पडत नाही. खिळ्याचा गंजही तसाच अडकून राहतो. मी दोन वर्षं खिळे पुरून बघितले आहेत.

माती चुनखडीची आहे का, हे घरीच कळतं. कुंडीतली चमचाभर माती उन्हात वाळवा, बशीत घ्या आणि वर व्हिनेगरचे चार थेंब टाका. कानाशी धरलं की बारीक सुरसुर ऐकू येते, बुडबुडे दिसतात. म्हणजे चुना आहे. माझ्या कुंडीतली माती अशी फसफसली की मला आश्चर्य वाटलं, कारण दोन वर्षांपूर्वी भरताना तीच माती साधी होती. मग हा चुना आला कुठून?

कूलरच्या पाण्याचा उलगडा

डायरी इथे कामी आली. नोंदी वाचताना दिसलं की गोडलिंब एप्रिलच्या मध्यापासून पिवळा पडायला लागतो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, सगळ्यात वाईट दिसतो आणि श्रावणात आपोआप हिरवा होतो. पोळ्याच्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिलं होतं, "पानं छान, खत न घालता." उन्हापेक्षा वेगळं असं एप्रिलमध्ये काय सुरू होतं? कूलर.

उन्हाळ्यात पाणी वाया जाऊ नये म्हणून मी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी दर दोन दिवसांनी पाइप लावून कुंड्यांना सोडत होते. शेजाऱ्यांनाही हेच सांगितलं होतं. हेतू चांगला होता, पण हिशोब चुकला होता. आमच्याकडे कूलरला बोअरचं पाणी भरतो. ते मुळातच जड. कूलर चालतो तेव्हा फक्त पाणी उडतं, क्षार मागे राहतात. समजा दोन दिवसांत मिळून शंभर लिटर पाणी टाकीत ओतलं आणि शेवटी वीस लिटर उरलं, तर शंभर लिटरमधले क्षार त्या वीस लिटरमध्ये जमा झालेले असतात, म्हणजे पाचपट. थोडे वाळ्याच्या जाळीवर पांढरे होऊन बसतात, तो थर आपण दर वर्षी खरवडून काढतोच. बाकीचे मी कुंडीत ओतत होते.

मग कुंडीकडे नीट बघितलं. काठावर आतल्या बाजूने पांढरी कड आली होती, जुन्या हंड्याला आतून बसते तशी. नखाने खरवडली तर खडूसारखी भुकटी निघाली. पानांची टोकंही तपकिरी, जळाल्यासारखी. हे खारवट पाण्याचं लक्षण. शेजारच्या तुळशीलाही तेच पाणी जात होतं, पण तिच्यावर त्याचा परिणाम हळूहळू दिसत होता म्हणून लक्षात आला नाही. श्रावणात गोडलिंब का सुधारत होता, तेही कळलं. पावसाचं पाणी मऊ असतं. ते कुंडीतले क्षार धुऊन खाली नेत होतं.

आरओ मशीनचं सांडपाणी झाडांना घालत असाल तर त्यातही हीच गोष्ट कमी प्रमाणात घडते. त्याचं पाणी फरशी, भांडी, बाथरूमसाठी वापरा.

दुरुस्ती कशी केली

पहिलं काम धुण्याचं. संध्याकाळी कुंडी अशा जागी ठेवली जिथून पाणी सरळ निघून जाईल, आणि नळाचं गोडं पाणी अगदी बारीक धारेने सोडत राहिले. कुंडी जेवढी मोठी, तिच्या दोन-तीन पट पाणी त्यातून निघून गेलं पाहिजे. आधी खालून तपकिरी पाणी आलं, मग हळूहळू स्वच्छ. एप्रिल-मेमध्ये महिन्यातून एकदा असं करते.

दुसरं, हिराकस. कृषी केंद्रात फेरस सल्फेट म्हणून मिळतं. खडे हिरवट असले पाहिजेत. पिवळे-तपकिरी पडलेले असतील तर ते बिघडलेले, घेऊ नका. एक लिटर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस, लगेच मिसळून लगेच फवारायचं, ऊन उतरल्यावर. ठेवून दिलं की पाणी तांबूस होतं आणि त्याचा उपयोग संपतो. आठ-दहा दिवसांनी दुसरा हात. फवारल्यावर पंधरा दिवस त्या झाडाची पानं फोडणीत टाकू नका आणि नंतर वापरताना धुऊन घ्या. फरशीवर थेंब पडला तर गंजाचा डाग कायमचा राहतो, खाली पोतं अंथरा.

फवारणी तात्पुरती. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड आयर्न, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं लोह, मिळतं, पण त्यातही दोन जाती आहेत. ईडीटीए प्रकारचं स्वस्त असतं, पण चुनखडीच्या मातीत फार काळ टिकत नाही. ते फवारणीला ठीक. मातीत घालायचं तर ईडीडीएचए प्रकारचं मागा. महाग आहे, पाण्यात टाकलं की गर्द लाल रंग येतो. मोठ्या कुंडीला 2-3 ग्रॅम पुरतं. माझ्या झाडाला पहिली हिरवी नवी पानं दिसायला तीन आठवडे लागले. आधी पांढुरकी झालेली जुनी पानं फारशी सुधारत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. नव्या फुटीकडे बघा.

ताकाबद्दल खूप जण विचारतात. आंबट ताक दसपट पाणी घालून महिन्यातून एकदा दिलं तर चालतं, आंबटपणामुळे थोडी मदत होते. पण घट्ट ताक दर आठवड्याला ओतलं की माती आंबून वास येतो आणि मुंग्या लागतात. आणि अंड्याची टरफलं, चुलीची राख या दोन गोष्टी आपल्याकडच्या गोडलिंबाला नकोतच. दोन्हींनी माती आणखी चुनखडीकडे झुकते.

तिसरं आणि कायमचं काम मातीचं. नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती वाळली की आक्रसते, कुंडीच्या भिंतीपासून बोटभर सुटते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. मधला गोळा कोरडा ठणठणीत, तळ चिखल. मी आता गोडलिंबाला दोन भाग लाल माती, एक भाग रेती, एक भाग मुरलेलं शेणखत घेते. कुंडी किमान अठरा इंची. सोटमूळ खाली जातं, त्याला खोली लागते. जमेल त्याने सरळ जमिनीतच लावावा, पण भिंतीला खेटून नको.

उन्हाळ्यात वर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, किंवा वाळका पाला चार बोटं पसरते, आणि कुंडीला बाहेरून ओलं पोतं गुंडाळते. पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलेली कुंडी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देते. आत मुळं शिजतात. झाडाला ऊन चालतं, मुळांना नाही.

तुळस: मंजिऱ्या, तांब्या आणि गारठा

तुळशीचं दुखणं एका कारणाचं नाही, तीन कारणं एकाच महिन्यात गाठ घेतात.

पहिलं मंजिऱ्यांचं. अश्विन-कार्तिकात तुळस मंजिऱ्यांनी लदलेली असते. तुळशीच्या लग्नाला ती तशी देखणीही दिसते. पण मंजिऱ्या तशाच राहून त्यात बी पिकलं की झाड आपली सगळी ताकद तिकडे लावतं. पानं लहान होतात, खालचा दांडा उघडा लाकडी पडतो. लग्न लागलं की आपणही तिच्याकडे लक्ष देत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी थंडी येते. मंजिरी दिसली की ती खालच्या दोन पानांसकट खुडायची, तिथून दोन फांद्या फुटतात. देवाला मंजिरी वाहतातच, त्यामुळे खुडण्यात अपचार नाही. द्वादशी, रविवार पाळत असाल तर ते दिवस सोडून खुडा.

दुसरं पाण्याचं. एका डिसेंबरात वाळलेली तुळस मी उपटून बघितली. वरची माती कोरडी आणि भेगाळलेली, म्हणून मी रोज तांब्याभर ओतत होते. बोट खुपसलं तर दोन इंचांखाली गार, चिकट चिखल. मूळ दोन बोटांत धरून ओढलं तर वरची साल दोऱ्यासारखी सरकून हातात आली आणि आत पांढरी बारीक काडी उरली, नासक्या वासाची. ती पाण्याने मेली होती आणि मी तिला तहानलेली समजत होते. थंडीत ती पाणी ओढतच नाही. तेव्हापासून डिसेंबर-जानेवारीत पूजेच्या वेळी पळीभर पाणी तुळशीला आणि बाकीचा तांब्या गच्चीच्या दुसऱ्या झाडांना, अशी रीत ठेवली आहे. खरं पाणी दर तीन दिवसांनी, बोट घालून बघून, आणि ऊन पडल्यावर. सासूबाईंना आधी रुचलं नाही. मी त्यांना ती मुळं दाखवली, मग त्यांनीच काकूंना समजावलं.

तिसरा गारठा. हे कसं ओळखायचं ते मला स्वयंपाकघरात कळलं. काढ्यासाठी खुडलेली तुळस उरली म्हणून फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी पानं काळी पडलेली. गोडलिंबाच्या काड्या त्याच डब्यात आठ दिवस हिरव्या होत्या. कुंडीतही तेच होतं. रात्रीचं तापमान दहाच्या खाली गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेंड्याची पानं कडेने काळपट होतात. पेपरमध्ये पारा बारावर आलेला वाचला की मी रात्री कुंडीत तीन काड्या खोचून वर जुनं धोतर टाकते. कापड पानांना टेकू द्यायचं नाही, आणि सकाळी काढायचं. कुंडी दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीशी सरकवायची. वृंदावन पक्कं असेल तर ते हलवता येत नाही, अशांनी पांघरूण तरी चुकवू नये.

वाळली असं वाटलं तरी लगेच उपटू नका. दांड्यावर नखाने हलकेच ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. तिथपर्यंत वरचं सगळं कापा, पाणी कमी करा आणि फाल्गुनापर्यंत वाट बघा. दांडा जमिनीलगत काळा पडला असेल तर मात्र ती गेली.

तिघांत भर म्हणून आणखी एक गोष्ट आपल्या हातून होते. दिवा अगदी बुंध्याशी लावणं, कुंडीत तेल सांडणं, उदबत्तीची राख, हळद-कुंकू, निर्माल्य सगळं तिच्यातच घालणं. दिव्याला हातभर अंतर ठेवा. हळद-कुंकू बोटाने कुंडीच्या भिंतीला लावलं तरी पूजा पोचते, असं मला मनापासून वाटतं.

तुळस वाळली तर अशुभ का

हा प्रश्न बायका मला हळू आवाजात विचारतात. मलाही पहिल्या वर्षी फार वाईट वाटलं होतं. पण झाडाचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं आहे, आणि आपल्या आज्या हे जाणून होत्या. त्या पिकलेल्या मंजिऱ्या चुरून वृंदावनातच टाकायच्या आणि पावसाळ्यात तिथेच रोपं उगवायची. म्हणून त्यांच्या अंगणात तुळस कधी सुनी नसायची. आपण कुंडीत एकच रोप ठेवतो, आणि ते गेलं की अंगण रिकामं.

तर दुसरं रोप आधीच तयार ठेवा. श्रावण-भाद्रपदात मंजिरी न आलेला चार बोटांचा कोवळा शेंडा कापा, खालची पानं काढा, काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवा, एक दिवसाआड पाणी बदला. दहा-बारा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. बोटभर झाली की लहान कुंडीत लावा. बी पेरायचं तर उन्हाळा सरताना किंवा पावसाच्या सुरुवातीला. फार बारीक असतं, मातीवर पसरून नुसतं दाबायचं, वर माती लोटायची नाही. डिसेंबरात पेरलेलं बी थंडीमुळे उगवत नाही. गोडलिंबाचं बी उलट, काळी फळं झाडावरून काढली की गर धुऊन आठवडाभरात पेरलं पाहिजे, वाळवून ठेवलेलं उगवत नाही. आणि गोडलिंबाच्या फळातलं बी मुलांना चावू देऊ नका. त्यापेक्षा पावसाळ्यात बुंध्याजवळचा फुटवा मुळासकट काढून लावणं सोपं.

तुळशीच्या कुंडीतही रेती हवी: दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग खत. मे महिन्यात तिला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली. गोडलिंबाला त्याच दिवसांत सकाळी एकदाच, पण खालून पाणी येईपर्यंत.

किडीचं थोडक्यात. तुळशीच्या पानाखाली काळे बारीक ठिपके आणि वरून पान आक्रसलेलं दिसलं, किंवा देठाशी कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले, तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब. देवाला आणि काढ्याला लागणारी पानं आधी खुडून घ्या. गोडलिंबावर पाखराच्या विष्ठेसारखी अळी दिसेल, मोठी झाली की हिरवी होते आणि छेडली तर डोक्यावर नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी, संत्र्यावरही तीच असते. हाताने वेचा. लहान रोप ती दोन दिवसांत बोडकं करते.

वापर वेगळा, म्हणून तोडणीही वेगळी

गोडलिंबाचा वास तेलात उतरतो. तेल तापून मोहरी तडतडली की पानं टाकायची. तर्री पोह्यांची तर्री असो की गोळाभाताबरोबरची कढी, तो वास फोडणीतूनच येतो. ओली पानं वाळलेल्यांपेक्षा कितीतरी सरस. तुळशीचं उलट. तिच्यात लवंगेसारखा जो वास आहे तो लवंगेतल्याच युजेनॉल या द्रव्याचा, आणि तो वाफेबरोबर उडतो. म्हणून काढ्यात तुळस शेवटी, गॅस बंद करून, वर झाकण ठेवून. सावलीत वाळवली तर तुळशीची पानं डब्यात महिनोन्महिने राहतात.

तोडताना तुळशीचे शेंडे खुडायचे, रोज थोडे थोडे. तेवढी ती दाट होते. गोडलिंबाची पानं ओरबाडायची नाहीत. अख्खी काडी कात्रीने कापायची, आणि फेब्रुवारीअखेर नवी फूट यायच्या आधी वरून एक-तृतीयांश छाटायचा. माझ्याकडे पूर्वी एकच काठी सहा फूट वर गेलेली आणि टोकाला चार पानं, अशी अवस्था होती. छाटल्यावर त्याच वर्षी पाच फांद्या फुटल्या. पहिलं वर्षभर लहान रोपाला हात लावू नका, हे मात्र पाळा.

आता दोन्ही कुंड्या एकमेकांपासून दूर ठेवल्या आहेत. तुळस जिन्याच्या पूर्वेच्या भिंतीशी, गोडलिंब खाली अंगणात अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये. काकूंच्या तुळशीच्या दोन काड्या सध्या माझ्या खिडकीत ग्लासात आहेत. आणि कूलरच्या पाइपचं तोंड मी मोरीकडे वळवलं आहे. त्या पाण्याने रोज संध्याकाळी अंगण धुते.